दत्तूची रेघ

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग लडाखची. मी हवालदार, काम गाड्या दुरुस्तीचं. हाताखाली नाईक दत्तू. तो नांदुऱ्याकडचा, त्यामुळे आमची बोली एकच. नट कसून झाला की तो नट आणि बोल्टवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायचा. नट फिरला की रेघ तुटते. वाटेत नुसतं वाकून पाहिलं तरी कळतं.

"कुंकू लावून राह्यला का बे?" मी चिडवायचो.

त्या दिवशी गाड्यांचा कॉन्व्हॉय सकाळी सहाला निघणार होता. खाली दगड लागू नयेत म्हणून एका जुन्या ट्रकचा, चार नंबरचा, मागचा भाग आम्ही उंच केला होता. स्प्रिंगचे पाटे आणि ॲक्सलच्या मधे ठोकळा घातला. हे सगळं आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र दुसऱ्या गाडीचे, वापरलेले. पाच पन्नासला दत्तू म्हणाला, "उस्ताद, रेघ राह्यली."

"आल्यावर मार. गाडी काढ."

हुकूम माझा होता. आठ वीसला वळणावर ॲक्सल सरकला. मी रेडिओवर तीनदा विचारलं, "चार नंबर, जवाब दो. ओव्हर." जवाब आला नाही. गाडी दत्तूच चालवत होता; तो वाचला नाही. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

आता साखरखेर्ड्यात माझं गॅरेज आहे. मागच्या महिन्यात सुनंदा तिची जुनी पिकअप घेऊन आली. ती रोज भाजी घेऊन मेहकरला जाते. शेतरस्त्यावर गाडी मागून घासत होती. येताना दोन ठोकळे घेऊनच आली.

"काका, एकावर एक बसवून द्या."

"नाही."

"काऊन?"

"सरकते ते. अन् सरकले की जीव जाते."

गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता स्टँडवर घेतली. एकच लोखंडी ठोकळा, यू-बोल्ट नवे. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, ते पाहिलं. शेवटचं कसणं चाकं जमिनीवर टेकल्यावर. मग रेघा मारल्या आणि तिला दत्तूची हकीकत सांगितली. हुकूम कोणाचा होता, तेही सांगितलं. घराबाहेर ते पहिल्यांदाच बोललो.

"उंच झाली म्हणून माल वाढवायचा नाही. वळणावर हळू. शंभर किलोमीटरनं परत कसायला ये."

त्याआधीच, तिसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला तिचा फोन आला. "काका, डाव्या बाजूची रेघ तुटली. गाडी उभी केली."

मी पाना घेऊन मेहकर रस्त्याला गेलो. नवा बोल्ट भार पडून थोडा ताणला होता, त्यामुळे नट सैल पडून फिरला होता. त्या बाजूचे चारही नट पुन्हा कसले. माझे डोळे भरून आले होते. घाईत मी हत्यारं पिशवीत भरू लागलो.

"काका, रेघ राह्यली," सुनंदा म्हणाली. माझ्या पिशवीतला रंगाचा ब्रश तिच्याच हातात होता.

"आधी ती मार," मी म्हटलं. "मग गाडी काढ."