दाहिने सज

सुभेदार म्हात्रे चौलचे, मी रेवदंड्याचा. फौजेत एकाच पलटणीत होतो. मी नर्सिंग असिस्टंट, म्हणून साहेब मला चेष्टेने 'डॉक्टर' म्हणत. गोळी लागलेल्या नायक पाटीलला त्यांनी पाठीवर घेऊन डोंगर उतरवला होता. पाटील वाचला नाही. त्याचं स्मारक त्याच्या गावच्या टेकडीवर आहे. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी सकाळी आठला आम्ही माजी सैनिक फॉल-इन होतो आणि वर जातो. पुष्पचक्र साहेबांच्याच हातात.

अलीकडे साहेब वळणावर थांबू लागले होते. "पार्टी, थम! दाहिने सज!" आम्ही उजवीकडे मान वळवून रांग सरळ करायची, मग पुढे. हुकूम तो हुकूम, कारण कोण विचारणार?

गेल्या वर्षी त्यांच्यामागे मी आणि आमच्यातलाच भोईर, दोघंच. तरी तोच हुकूम. भोईर हसला, "साहेब, दोघांची कसली रांग?"

मी साहेबांकडे पाहिलं. चेहरा घामाने भिजलेला, ओठ पांढरे. रांगेच्या नावाखाली ते दम घेत होते. तेवढ्यात ते कोसळले.

नाडी मंद, हळूहळू वर येणारी. छातीला कान लावला; ठोक्यांमध्ये खरखरीत आवाज, मर्मर. भोईरने खिशातून स्वतःची हार्टची गोळी काढली.

"जिभेखाली ठेवतू."

"थांब! गोळी नको. प्रेशर अजून पडेल. ॲम्ब्युलन्सला फोन लाव."

अलिबागला डॉक्टरांनी पडद्यावर इको दाखवला. हृदयातून महाधमनीत जाताना रक्ताला एक झडप लागते. साहेबांच्या झडपेच्या पाकळ्यांवर वर्षानुवर्षं कॅल्शियम साचून त्या ताठ झाल्या होत्या. उरलेल्या फटीतून साऱ्या अंगाचं रक्त ढकलता ढकलता डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली होती. कित्येक वर्षं हे निमूट चालतं. मग जाड भिंतीलाच रक्त कमी पडतं. दम लागतो, छाती दुखते, भोवळ येते. एकदा इथवर आलं की वेळ थोडा असतो. औषधाने झडप उघडत नाही, बदलावी लागते.

पडद्यावर ती भिंत ठोके देतच होती. मी थक्क होऊन बघत राहिलो. खरं सांगतो, सॅल्यूट करावासा वाटला.

साहेबही बघत होते. मग माझ्याकडे वळले. "म्हंजे डॉक्टर, ह्यो गडी इतकी वर्सं लोड घेऊन चढतोय, आन आजारी म्हून एक सिक रिपोर्ट न्हाय?"

"नाही, साहेब."

"मंग आता त्याचा रिपोर्ट आपुन करू. बदला झडप."

ऑपरेशनची तारीख मिळाली. तिच्या आधीच, वाडीत पाण्याचं बघायला गेलेले साहेब तिथेच पडले. धावत गेलो. या वेळी नाडी लागली नाही. मी त्यांचं मनगट धरून बसून राहिलो, ते भोईरने सोडवलं.

यंदा पुष्पचक्र माझ्या हातात होतं. वळण आलं. मला दम लागला नव्हता.

"पार्टी, थम. दाहिने सज."

रांग सरळच होती. भोईरने तरी मान वळवून सज केलं. साहेबांना लागायचा तेवढा वेळ आम्ही उभे राहिलो. मग वर जाऊन आधी नायक पाटीलचं नाव घेतलं, नंतर सुभेदार म्हात्रेंचं.