तोंडासमोर वाचायची बातमी

पत्रकारिता मला कुणी शिकवली नाही. लग्न होऊन बंगळुरात आले, नवरा दिवसभर कारखान्यात, दुपारी करायला काही नाही, म्हणून इथल्या मराठी लोकांसाठी चार पानांचं मासिक काढलं. ते पुष्कळ वर्षं चाललं. अडचण एकच होती. चिकपेटेतली, म्हणजे इथल्या जुन्या कापडबाजारातली मराठी कुटुंबं घरात मराठी बोलतात, पण शाळा सगळी कन्नडमध्ये झालेली. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. मग ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या दुकानात जायचं, कापडाच्या गठ्ठ्यावर बसायचं आणि छापायच्या आधी त्याला वाचून दाखवायचं. कौतुक असो की तक्रार. तुम्हाला सांगते, तो माणूस समोर बसलेला असला की आपलंच वाक्य आपल्याला टोचायला लागतं. कितीतरी वाक्यं मी त्या गठ्ठ्यांवर बसून खोडली. तीच माझी शाळा.

मग मासिक बंद पडलं आणि इथल्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आला. नियम असा की मराठीतच लिहायचं, देवनागरीत. नियम चांगला आहे, मीच हट्टानं करून घेतला होता.

या दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ग्रुप उघडते तर आमच्या फराळवालीवर सगळे तुटून पडलेले. ही बाई चिकपेटेतल्या जुन्या घरातली. नवरा गेल्यापासून चकली-शंकरपाळ्यांवर घर चालवते, आणि मंडळाची दिवाळीची ऑर्डर म्हणजे तिचं अर्धं वर्ष. पुण्याहून इथं नोकरीला आलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, नमुन्याच्या चकलीला खवट वास येतो. इथवर ठीक. पण पुढं लिहिलं होतं, "ज्यांना धड मराठी बोलता येत नाही त्यांच्याकडून मराठी फराळ घ्यायचाच कशाला?" त्याखाली अंगठे, हसरे चेहरे, "आमची ऑर्डर रद्द." आणि अशा प्रत्येक निरोपाखाली फराळवालीनं टाकलेलं जोडलेल्या हातांचं चित्र.

"उर्मटपणा बघा," एका गृहस्थांनी लिहिलं. "लोक ऑर्डर काढून घेतायत आणि ही नमस्कार ठोकतेय."

काय झालंय ते माझ्या लगेच लक्षात आलं. तिला यातलं काही वाचताच आलं नव्हतं. मेट्रो पकडून चिकपेट गाठलं.

ती कढईशी होती. "या अक्का. ग्रुपवर बघितलं का, किती लोकांनी लिहिलंय मला. मी पण सगळ्यांना हात जोडले."

"गॅस बंद कर," म्हटलं, "वाचून दाखवते."

सगळं वाचलं. मधलं थोडं गाळावंसं फार वाटलं, पण नाही गाळलं. तिनं पदराला हात पुसले, पुसतच राहिली.

"तेलाचं खरंय अक्का," ती शेवटी म्हणाली. "उरलेल्या तेलात तळल्या होत्या. स्वल्प वास होता, मलाही आला. म्हटलं, नमुन्याच्याच तर आहेत. सरी, बरोबर आहे, ते ऐकून घेते. पण मराठीचं काय? आमच्या घरात मेलेल्या माणसासाठी रडतात तेसुद्धा मराठीत."

"हे तिलाच सांग."

"त्या मॅडम कशाला येतील इथं?"

"येईल. मी आणते."

मुलगी फोनवर म्हणाली, "काकू, मी ग्रुपवर सॉरी टाकते ना, विषय संपवू."

"ग्रुपवर नको. तू लिहिलंयस ते तिच्यासमोर बसून वाच."

"हे जरा अति होतंय, काकू."

"होऊ दे," म्हटलं, आणि रोज सकाळी फोन करत राहिले, दूधवाल्यासारखी. शेवटी शनिवारी आली, कारण तिच्या बिल्डिंगखाली मी ऑटो घेऊन उभी होते.

फराळवालीनं तिला स्टूल दिलं. मुलीनं तेलाचं वाचलं, चांगलं स्पष्ट, आणि थांबली.

फराळवालीनं वाकून फोनकडे बघितलं. "एवढंच? इथं तर अजून दोन ओळी दिसतात."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी पंख्याकडे. मग ती पुटपुटत वाचायला लागली.

"जोरात वाचा मॅडम, कढईचा आवाज येतो." कढई केव्हाची बंद होती.

मुलीनं पुन्हा, मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मी असं कुणाशी बोलत नाही हो."

"बसा," फराळवाली म्हणाली. "नव्या तेलातली खाऊन बघा, मग लिहा. वाईट लागली तर वाईट लिहा. फक्त मला सांगून लिहा."

मुलीनं चकली खाल्ली. "वास नाहीये," ती म्हणाली. "मीठ कमी आहे."

"सरी," म्हणून फराळवाली पिठाकडे वळली.

त्या संध्याकाळी मुलीनं ग्रुपवर सगळं नीट लिहिलं, आणि ते मराठीबद्दलचं वाक्य चुकीचं होतं, हेही. बऱ्याच ऑर्डरी परत आल्या, सगळ्या नाही. मग मी फराळवालीला व्हॉइस मेसेज टाकायला बसवलं. ती तिच्या मराठीत बोलली, "तेलाचं खरं होतं. बदललं. मीठ पण वाढवलं. ज्यांनी ऑर्डर काढून घेतली त्यांनी येऊन एक चकली खाऊन जावी, मग काय ते ठरवावं."

उर्मट म्हणणाऱ्या त्या गृहस्थांची ऑर्डर सगळ्यांत मोठी, ऑफिसभर वाटायची, आणि ती अजून परत आली नव्हती. त्यांनी लिहिलं, "कृपया व्हॉइस टाकू नये, ऑफिसात ऐकता येत नाही."

"घरी गेल्यावर ऐका," मी लिहिलं. रात्री जेवणं आटोपल्यावर फोन करून विचारलं, ऐकलंत का? नाही म्हणाले, वेळ मिळाला नाही. दिवाळीला अजून अवकाश आहे. उद्या परत फोन करणार आहे.