काकूंची दुसरी मेथी

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, रिटायर्ड नर्स. जिना चढता-उतरताना स्वतःशीच बोलतात आणि दर दुसऱ्या वाक्याला “बरं का बाळा” म्हणतात. समोरचा साठीचा असला तरी बाळाच.

मला मुलगी झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नाही. आम्ही घरी आलो त्याच दिवशी काकू डबा घेऊन दारात उभ्या होत्या, आणि पुढे महिनाभर रोज बाराला येत राहिल्या. हळूहळू धर्माचं काही सांगायला लागतील, अशी मला उगाच धास्ती होती. त्या फक्त बाळाची नाळ नीट सुकतेय ना, ते बघायच्या.

एक दिवस त्या दोन वाजता आल्या. मी भुकेने रडकुंडीला आले होते.

“उशीर झाला, बरं का बाळा. सकाळी गुडघा ठणकत होता. रोज रोज मीच का करायचं, असं कुरकुरत मेथी केली. ती काकांना वाढली. तुझ्यासाठी पुन्हा नव्याने केली.”

“काकू, मला तीच चालली असती.”

“तुला चालली असती गं. पण येशूने मला जे दिलं, ते आनंदाने दिलं. मग मी तोंड वाकडं करून कशी देऊ?”

भाजीत मीठ जरा जास्त पडलं होतं. मी डबा भाकरीने पुसून खाल्ला आणि आईला फोन करून सांगितलं, आता माझी काळजी करू नकोस.