मामांना ‘अरे’ म्हणणारा

आमचे मामा नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक. बोलतात नाकातून, तेही आधी घसा खाकरून. “अं-हं, झाकण कुठंय?” एवढं कानावर पडलं की बाजारातले हातगाडीवाले झाकणं शोधायला धावतात. सगळ्यांचे ते साहेब. लग्न केलं नाही. माझी आई धाकटी, तीसुद्धा ‘अहो दादा’ म्हणते. आजी गेल्यावर त्यांना ‘अरे’ म्हणणारा एकच उरला, बर्फाच्या कारखान्याचा मालक. शाळेपासूनचा मित्र. संध्याकाळी कारखान्यात दोघांचा कॅरम.

“अरे माकडा, राणी सोडून कुठं मारतोयस!”

हे ऐकायलाच मामा जायचे. कॅरम त्यांना येतच नाही.

उन्हाळ्यात जुलाबाची साथ आली. कारखान्याला जाणारा पालिकेचा पाइप गटाराशेजारी फुटलेला निघाला. मामांनी कारखान्याला सील ठोकलं. मित्र दारात उभा होता. म्हणाला, “बरं, साहेब.”

साहेब! त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे येऊन टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघत बसले.

मित्राने राज्याकडे तक्रार केली. वरून आदेश आला: कारखाना बंद करण्याचा अधिकार राज्याचा, नगरपालिकेचा नव्हे. सील काढा. मामा इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः गेले आणि सील तोडलं.

“ये रे माकडा!” मित्राने पाठीवर थाप मारली. “वरच्यांनी कान पिळला ना तुझा? बस, डाव मांडतो.”

मामा हसले. बसलेसुद्धा. मग घसा खाकरला.

“अं-हं. पाणी अजून त्याच पाइपातून येतंय?”

“मग! पाइप तुझ्या पालिकेने बदलायचा, की मी?”

“आम्हीच.” मामा उठले. “कारखान्यावर हुकूम राज्याचा. पाणी मात्र आमचं.”

बाहेर जाऊन त्यांनी रस्त्यातलं लोखंडी झाकण उचललं, गुडघे टेकले आणि व्हॉल्व्ह फिरवून कारखान्याचं पाणी बंद केलं.

मित्र दारात आला. “ठीक आहे,” म्हणाला. “आपण निघावं आता.”

आपण! साहेबाच्याही वरची पायरी.

पुढे मामांनी इंजिनियरच्या मागे लागून पाइप बदलून घेतला. पाणी सुरू झालं, बर्फही. आता मामा पाण्याचा नमुना घ्यायला गेले की मित्र उठून उभा राहतो, फडक्याने खुर्ची पुसून पुढे करतो.

“नको, घाई आहे,” मामा म्हणतात आणि घरी जायला सगळ्यांत लांबचा रस्ता धरतात.