तिच्याकडे कागद नव्हता

आमची पहिली मुलगी सहा दिवस जगली. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी गेली. बारसं झालं नव्हतं म्हणून तिला नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं म्हणून कोणी तिचा विषय काढत नव्हतं. पुरली आणि संपलं. तेव्हा असंच करायचे.

संपलं कसलं. बायको बोलायची बंद झाली. छातीला दूध यायचं, चोळी भिजायची आणि ती भिंतीवर डोकं आपटायची. कपाळ फुटलं तरी आपटायची. दोनदा विहिरीच्या कठड्यावरून ओढून आणली. आता ती जाऊन आठ महिने झाले. चांगली म्हातारी होऊन गेली. तिच्या हयातीत हे लिहिलं असतं तर तिनं वही चुलीत घातली असती. आता घालायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

आम्ही बदलापूर गावातले. मी तिसरी शिकलो, मोठा भाऊ तेवढंही नाही. तो शेती बघायचा, मी भाजी उल्हासनगरच्या कॅम्पात नेऊन विकायचो. फाळणीत घरंदारं सोडून आलेले सिंधी तिथं लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होते.

भाऊ म्हणाला, "हिला बाहेरचं लागलंय." भगत आणला. भर दुपारी तिला अंगणात बसवली. तोंडासमोर मिरच्यांची धुरी, पाठीवर निरगुडीचा ओला फोक. "बोल, कंच्या झाडावरची तू?" ती कशाची बोलते? फोक तुटला की भाऊ दुसरा तोडून द्यायचा. तिचे हात मागे बांधलेले होते, आणि दोर मी धरला होता. हेही लिहितो. मी धरला होता. पाठीची सालं निघाली तेव्हा भगत म्हणाला, "हडळ चिवट हाय. शनिवारी टाळूवर डाग देऊ." म्हणजे विळा लाल करून डोक्यावर ठेवायचा. मध्ये चार दिवस होते.

घरी एकटी ठेवायची भीती, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला बरोबर घेऊन कॅम्पात गेलो. एक बाई रोज माझ्याकडून भेंडी घ्यायची. बराकीतल्या शाळेत शिकवायची, उरलेला वेळ पापड लाटायची. तिनं बायकोची मनगटं बघितली.

"ये किसने किया?"

मी सगळं सांगितलं. लाज वाटली नाही. तेव्हा मला वाटायचं, आम्ही उपचारच करतोय. बाई म्हणाली, हे मनाचं दुखणं आहे, त्याचं शास्त्र असतं, कराचीत ती तेच शिकत होती.

"मग तुम्ही डॉक्टर?"

"नहीं, भाऊ."

"पास तरी?"

तिनं बोटांवर मोजून सांगितलं. बी.ए. झालेली. पुढे एम.ए.ची दोन वर्षं, त्यातलं एक झालं आणि देश सुटला. एम.ए. होऊनही भागत नाही. वेड्यांच्या इस्पितळात जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करायचं, रोग्याचं बोलणं लिहून काढायचं, ते तपासून घ्यायचं, मग कुठे एकट्यानं रोग्यासमोर बसायचं. बी.ए.चा कागदसुद्धा कराचीत राहिला. म्हणून इलाज मी करणार नाही, म्हणाली. मुंबईत एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेऊ.

मला हसू आलं. कागद नाही, परीक्षा नाही, आणि आम्हाला शिकवते. तोंडावरच म्हटलं, "तुमच्यापेक्षा आमचा भगत बरा. तो कशालाच नाही म्हणत नाही."

बाई चिडली नाही. बायकोजवळ जमिनीवर बसली आणि विचारलं, "बच्ची का नाम क्या था?"

मी म्हणणार होतो, नाव नव्हतं. त्याआधी बायको बोलली. नाव बोलली. तिनं मनात ठेवलेलं होतं, मलाही ठाऊक नव्हतं. मग ती जी रडली, लोक बराकीतून बाहेर आले. ते नाव इथं लिहीत नाही.

शनिवारी भगत आला. निखाऱ्यात विळा लाल झाला. भाऊ म्हणाला, "धर तिला."

"थांब," म्हटलं, आणि भगताला विचारलं, "तू कुठे शिकलास?"

"म्हंजे?"

"कुणाच्या हाताखाली? किती वर्षं? परीक्षा कोणी घेतली?"

"आरं, माझा बाप भगत, आजा भगत!"

"माझा बाप शेतकरी होता. म्हणून तुझं डोकं नांगरू काय?"

भाऊ पेटला. "त्या बिनकागदाच्या बाईनं पढवलाय तुला!" म्हणत त्यानं बायकोला केसांनी धरून खाली पाडलं. भगतानं विळा उचलला. मी कोपऱ्यातली पहार घेतली आणि त्याच्या हातावर घातली. हाड मोडलेलं कानांनी ऐकलं. विळा भावाच्या मांडीवर पडला, कातडं चरचरलं. भाऊ किंचाळत उठला आणि दांडकं माझ्या तोंडावर हाणलं. तीन दात गेले. मीही त्याला सोडला नाही, खाली घालून तुडवला. शेजाऱ्यांनी ओढून बाजूला केलं तेव्हा तो रक्त थुंकत म्हणाला, "तू मला मेलास." ते त्यानं शेवटपर्यंत पाळलं.

कॅम्पाला लागून विठ्ठलवाडीला खोली घेतली. मी अंबरनाथला कारखान्यात लागलो. महिन्यातून एकदा मुंबईचे डॉक्टर, मधल्या दुपारी बायको बाईकडे पापड लाटायला. ती जे बोलायची ते बाई वहीत उतरवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. स्वतःच्या मनानं काही करायची नाही. असं वर्षभर चाललं.

एका दुपारी तिला घ्यायला गेलो. दारातून म्हटलं, "चल, उशीर झाला." एवढंच. बायको लाटणं घेऊन उठली आणि माझ्या खांद्यावर घातलं. मग पाठीत, मग कानावर. "दोर धरलास! मेल्या, ते मारत होते आणि तू दोर धरलास!" एवढ्या शिव्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. कानातून रक्त आलं. मी खाली बसलो आणि बाईला ओरडलो, "आवरा तिला!"

बाई दाराला टेकून उभी होती.

"क्यों?" ती म्हणाली.

बायको दमेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.