ताईंचा विषय

आमच्या ताईंइतकं रागावणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरं नाही, आणि ज्या गोष्टीवर त्या रागावतात तिच्यावर रागावणारं तर साऱ्या देशात नसेल. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न केलं नाही, अकोल्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. नळाला पाणी नाही, कामवाली आली नाही, उन्हानं जीव चाललाय, याचं त्यांना काही वाटत नाही. पण कुणी मनाच्या आजाराचं नाव भलत्या जागी वापरलं की संपलं. एरवी त्या छापील मराठी बोलतात. चिडल्या की अस्सल वऱ्हाडी सुरू होते. ‘तुला’चं ‘तुले’ झालं की पारा कुठवर चढला ते आम्हाला कळतं.

एकदा अकोल्याच्या बस स्थानकावर अमरावतीची गाडी यायला उशीर झाला आणि शेजारी उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, “डिप्रेशन येऊन राहिलं यार.” ताई त्याच्याकडे वळल्या. “गाडी आली की जाईल का?” तो म्हणाला, “जाईल ना.” “मंग ते डिप्रेशन नाही, कंटाळा आहे. त्याले कंटाळाच म्हण.” गाडी आली आणि त्याच्या दुर्दैवानं जागा नेमकी ताईंच्या शेजारी मिळाली. नैराश्य आलं की सकाळी उठून दात घासणंसुद्धा कसं डोंगराएवढं होतं, आवडीची भाजी कशी माती लागते, हे सगळं त्याला ऐकावं लागलं. तिकीट बडनेऱ्याचं होतं. बिचारा मूर्तिजापूरलाच उतरला. आमच्या शेजारणीनं “मला बाई ओसीडी आहे, डबे एका रांगेतच लागतात” असं कौतुकानं सांगितलं, तेव्हा ताईंनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवून दिली. “डबे लावून तुले बरं वाटते ना? ज्याले तो आजार असते त्याले बरं वाटत नाही. नको नको म्हणत हात धुवा लागते, सालटं निघेपर्यंत.” शेजारीण त्यानंतर ताई आलेल्या नाहीत याची खात्री करून मगच आमच्याकडे येते.

पातूरच्या एका शाळेत प्रश्नमंजूषेला त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मानसशास्त्राच्या फेरीत प्रश्न आला: माणूस आपल्या मेंदूचा किती भाग वापरतो? मुलांनी झटक्यात ‘दहा टक्के’ म्हटलं, सूत्रसंचालकानं ‘अगदी बरोबर’ म्हटलं, टाळ्या पडल्या. ताई उठल्या आणि माइक घेऊन म्हणाल्या, “सगळा मेंदू वापरला जातो. फक्त हे प्रश्न काढताना काय झालं ते मले माहीत नाही.” पुढचा प्रश्न दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाला काय म्हणतात असा होता, आणि त्याचं उत्तर कागदावर ‘स्किझोफ्रेनिया’ असं लिहिलेलं, म्हणजे भलत्याच आजाराचं नाव. ती फेरी तिथंच रद्द झाली. पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही, याचाही त्यांना राग आला.

या शास्त्रातल्या थोर लोकांची नावं मात्र त्या घेत नाहीत, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तशा. स्वप्नांचे अर्थ लावणारे ते ‘व्हिएन्नाचे बुवा’, घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणणारे ते ‘कुत्रेवाले आजोबा’. सगळे जणू आमच्याच भावकीतले. कुकरची शिट्टी झाली की माझे यजमान स्वयंपाकघरात डोकावतात, हे पाहून ताई म्हणाल्या, “आजोबांना कुत्रा पाळायची गरज नव्हती, माझा भाऊ पुरला असता.” त्या दिवसापासून यजमान शिट्टीला जागचे हलत नाहीत. भूक लागली तरी.

हे सगळं आम्हाला हसण्यावारी नेता येत होतं. मग माझ्या मुलाचं लग्न जमायची वेळ आली.

मुलगी हिवरखेडची, प्रांजली नावाची, शाळेत शिक्षिका. पहिल्याच भेटीत तिनं माझ्या मुलाला सांगून टाकलं की तिला बायपोलरचा आजार आहे. कॉलेजात असताना दवाखान्यात राहावं लागलं होतं, आता गोळ्या चालू आहेत आणि ती बरी आहे. मुलानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाला, “मले तीच पसंत आहे.”  धाकटे दीर तर उभेच राहिले. “पागल पोरगी घरात आणतं का रे? लोक काय म्हणतील?” मी ताईंना फोन केला.

ताई पुढच्याच गाडीनं आल्या. चपला काढायच्या आधीच त्यांनी दिरांना विचारलं, “तू बीपीची गोळी घेतं ना? तुझ्या बायकोच्या घरच्यांले सांगितलं होतं का?” दीर म्हणाले, “ते वेगळं.” “काहून वेगळं? ते छातीत आहे, हे डोक्यात आहे. एवढंच ना?” दीर रागानं निघून गेले. नंतर तरी त्यांनी गप्प बसावं ना, तर चार दिवसांत साऱ्या नातेवाइकांत बातमी करून ठेवली. एका पोरीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट या माणसानं पानठेल्यावर नेली. 

आम्ही हिवरखेडला गेलो. मुलीचे वडील खाली मान घालून बसले होते. म्हणाले, “आमी तिले म्हटलं होतं, सांगू नको. तिनं ऐकलं नाही.” झालं. ताईंनी त्यांना धरलं ते सोडलंच नाही. आजार लपवणं म्हणजे काय, उन्माद म्हणजे काय, त्यानंतर येणारं नैराश्य कसं असतं, गोळ्या मधेच सोडल्या तर काय होतं. वर्गच भरला. प्रांजली चहा घेऊन आली, तरी तो थांबेना.

तिनं ट्रे ठेवला. आवाज चढवला नाही. “मॅडम, मी इथंच उभी आहे,” ती म्हणाली. “तुमी माह्यासमोर माह्याबद्दल अशा बोलून राहिल्या, जशी मी फळ्यावरची आकृती आहे. तुमाले आजार माहीत आहे. मी नाही माहीत.”

तिच्या वडिलांनी डोळे मिटले. मी साडीचा पदर आवळून धरला. आता काय होतं म्हणून मी ताईंकडे पाहिलं. त्या दिवाणावर सरकून बसल्या, बाजूला जागा केली आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, “खरं आहे. बस इथं. तू सांग.”

प्रांजली सांगत राहिली, ताई ऐकत राहिल्या.  परत येताना ताई एवढंच म्हणाल्या, “सुलभा, पोरगी हातची घालवू नको.”

लग्न झालं. दीर आले नाहीत, आणि मी बोलवायला दुसऱ्यांदा गेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात प्रांजलीची झोप उडाली, बोलणं भरभर सुरू झालं, एका दुपारी तिनं बाजारातून घरभर मावणार नाहीत इतकी फुलझाडं आणली. आम्ही घाबरलो. ताई अकोल्याहून आल्या, एक शब्द न शिकवता तिच्याबरोबर कुंड्यांत माती भरत बसल्या आणि संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या बदलल्या, हळूहळू ती सावरली.

परवा ताई आल्या होत्या. टीव्हीवर कुणीतरी कुणाला ‘मेंटल’ म्हणालं आणि त्या तणतणू लागल्या. प्रांजलीनं टीव्ही बंद केला आणि सरळ विचारलं, “आत्या, तुमी खरं कोणावर रागावल्या आहे?”

इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. ताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “कॉलेजात माझी एक मैत्रीण होती. एकाएकी यायची बंद झाली. तिच्या घरी गेले तर म्हणाले, नागपूरले शिकायले गेली. मी विश्वास ठेवला. तिच्यासाठी पुस्तकं नेली होती, ती तिथंच ठेवून आले. पुढं कळलं, तिला मनाचा आजार झाला होता आणि ती मागच्या गोठ्याशेजारच्या खोलीत होती. कुलूप लावून. तिचे वडील माझ्याशी बोलत होते तेव्हाही तिथंच होती.”

“मंग?” प्रांजलीनं विचारलं.

“मग मी हा विषय घेतला,” ताई म्हणाल्या आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. तो गरम करून द्यावा, हे आम्हा दोघींपैकी कुणाला सुचलंही नाही.