एका खुर्चीचं दुकान

कागदोपत्री त्याचं दुसरं काही नाव असेल, पण गल्लीत त्याला सगळे सावकाशराव म्हणत. केस कापायला तो पाऊण तास घ्यायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, “केस परत येतात, कान येत नाही.”

दुकान हातभर. दोन आरसे, दोन खुर्च्या. एकीवर गिऱ्हाईक आणि दुसरीवर सावकाशरावाचे बाबा. बाबांनी पन्नास वर्षं त्याच खुर्चीमागे उभं राहून कात्री चालवली होती. हात थरथरायला लागले तेव्हा कात्री मुलाकडे आली आणि बाबा मागून पुढे येऊन खुर्चीत बसले. दिवसभर आरशातून रस्ता बघायचे. आयुष्यभर रस्ता आरशातच पाहिलेला, त्यामुळे प्रत्यक्ष बाहेर पडले की डावीकडे जायचं तिथे हमखास उजवीकडे वळायचे. भाड्याच्या खोल्या या घराने सात वेळा बदलल्या, पण बाबांची खुर्ची एकदाही हलली नाही.

अशात सरकारला छोट्या धंद्यांची दया आली. नवा ‘सुलभ कर’ निघाला. एका खुर्चीच्या दुकानाला सगळं माफ. दोन झाल्या की दुकान मोठं. मग दरमहा विवरणपत्र, बिलाचं मशीन आणि हे दोन्ही समजावून सांगणारा सल्लागार. सल्लागाराची फी अशी, की तिच्यापुढे कर स्वस्त वाटावा.

करखात्याचे साहेब आले आणि त्यांनी बोट दाखवून मोजलं. “दोन.”

“साहेब, त्या खुर्चीवर धंदा होत नाही. बाबा बसतात.”

“कोण बसतं याच्याशी खात्याला देणंघेणं नाही. बसण्याजोगी कोणतीही वस्तू म्हणजे खुर्ची. स्टूल, बाक, पालथी बादलीसुद्धा. पंधरा दिवसांत काय ते ठरवा.”

सावकाशरावाने आयुष्यात पहिल्यांदाच घाई केली आणि कोपऱ्यातली पालथी बादली सुलटी केली.

घरी बायको म्हणाली, “अहो, बाबांना घरीच ठेवू. मी आहे ना बघायला.” बाबा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. जेवले नाहीत, बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता दुकानाकडे निघाले आणि सवयीने उलटे वळले. दुपारी तीन गल्ल्या पलीकडे एका चपला शिवणाऱ्याच्या दारात सापडले. “माझी खुर्ची कुठंय?” असं त्याला विचारत होते. घरी आणल्यावर बायकोने डोळे पुसले आणि निकाल देऊन टाकला. “बाबांची खुर्ची राहू द्या, तुमची विका. गिऱ्हाइकांना देवाने पाय दिलेत.”

तेव्हापासून दुकानात केस उभ्याने कापले जाऊ लागले. उंच माणूस गुडघ्यात वाकायचा, बुटका टाचा उंचवायचा. केस कापताना डुलकी काढणारे एक मास्तर होते, ते आता आरशाखालच्या फळीला धरून उभ्या उभ्या घोरायचे. दाढीला डोकं भिंतीला टेकवायचं. गुडघे दुखणारी मंडळी बारा खुर्च्यांच्या चकचकीत दुकानात गेली. त्या दुकानाने दोन सल्लागार ठेवले होते आणि सुलभ कराचं तोंडभरून कौतुक चालवलं होतं.

पंधराव्या दिवशी साहेब हजर. एक खुर्ची मोजली, खूश झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांची वरिष्ठांसोबत बैठक होती आणि दाढीचे खुंट वाढलेले. “एवढी दाढी करून टाका,” म्हणाले आणि भिंतीला डोकं टेकवून उभे राहिले. सकाळपासून गावभर खुर्च्या मोजत फिरलेला माणूस. फेस लावेपर्यंत पाय लटपटायला लागले. बाबांनी ते आरशातून पाहिलं. खुर्चीच्या हाताला धरून कसेबसे उठले.

“बसा साहेब. दमलात.”

साहेब बसले. अर्धा गाल झाला असेल, तेव्हा त्यांना आरशात बाबा दिसले. फळी धरून उभे, दोन्ही गुडघे थरथरताहेत, तरी नजर गिऱ्हाइकाच्या मानेभोवतीच्या कापडावर, नीट बांधलंय की नाही बघायला. साहेब एका बाजूला फेस तसाच ठेवून उठले. “बसा बाबा तुम्ही,” म्हणाले. उरलेला गाल त्यांनी भिंतीला टेकून करून घेतला आणि वहीत लिहिलं: खुर्ची एक. तिच्यावर धंदा होत नाही.

महिन्याने खात्याचं पाकीट आलं. सावकाशरावाने वाचलं. ‘सदर जागेतील एकमेव खुर्चीवर धंदा होत नसून एक इसम दिवसभर नुसता बसतो असे आढळले. ज्या जागेत इसम नुसता बसतो ती जागा दुकान नसून घर होय. सबब घरपट्टी भरावी. राहणाऱ्याचे नाव:’ आणि पुढे बाबांचं नाव. घरात केस कापता येतात की नाही, याचं परिपत्रक मागाहून येणार होतं.

“काय म्हणतात?” बाबांनी आरशातून विचारलं.

“हे तुमचं घर आहे म्हणतात.”

बाबांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, “म्हणजे आता मला इथून कुणी उठवणार नाही ना?”

“नाही बाबा,” सावकाशराव म्हणाला. समोर वाकून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे केस कापायला त्या दिवशी पुरता सव्वा तास लागला.